खायची पीएचडी

मेडशीच्या देवमन कंडक्टरचा पोरगा जेवणावर पीएचडी करतोय, ही बातमी गावात फुटली तेव्हा सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती त्याची आई. बेबीताई हसता हसता ओट्यावर टेकल्या, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ज्याले कैरीचं लोनचं कोनतं अन् लिंबाचं कोनतं हे समजत नाही, थो जेवनावर पुस्तक लिहीन?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. संघदीपला लहानपणापासून ताटात काय पडलंय याचा पत्ता नसे. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात घास. एकदा बेबीताईंनी मुद्दाम त्याच्या भातावर वरणाऐवजी ताक ओतलं. पठ्ठ्यानं चार घास खाल्ले, "आज वरन आंबट झालं वाटते," एवढं म्हणाला आणि पान उलटलं.

तोच संघदीप आता पस्तिशीला टेकला होता. मालेगावच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचा, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की उपास. स्थळं यायची, पण तासिका तत्त्वावरच्या नवऱ्याला पूर्णवेळ बायको कोण देणार? म्हणून पीएचडी. डॉक्टर झालं की नोकरी पक्की, नोकरी पक्की की लग्न, असा देवमन कंडक्टरांचा साधा हिशेब होता. ते स्वतः एसटीतून रिटायर झाले होते, तरी सकाळी स्टँडवर जाऊन बसत आणि अकोल्याची गाडी उशिरा आली की ड्रायव्हरकडे असं बघत, की तो बिचारा आपोआप कारण सांगू लागे.

जेवणाचा विषय संघदीपनं काही निवडला नव्हता. तो अमरावतीला गेला तेव्हा पिशवीत सोयाबीनवरचा प्रस्ताव होता. मार्गदर्शक वैजयंती मॅडमनी पहिलं पान बघून तो बाजूला सारला.

"सोयाबीनवर माझ्याकडे इतके विद्यार्थी आहेत की तेलाची गिरणी टाकता येईल. दुसरं काही?"

दुसरं काही नव्हतं. जेवणाची वेळ झाली होती, म्हणून मॅडमनी डबा उघडला आणि त्याच्यापुढे पोळी ठेवली. खाता खाता गोष्टी निघाल्या. गावाकडच्या पंगती, पत्रावळी, रोडगे. संघदीप रंगात आला. म्हणाला, "आमच्या गावात मारोतीच्या देवळापुढं गावजेवण असायचं. सगळं गाव बसायचं. आम्ही कडुनिंबाखाली बसायचो."

"आम्ही म्हणजे?"

"आमच्या वस्तीवरचे. बौद्ध वस्तीवरचे."

"कडुनिंबाखालीच का?"

"बाबा म्हणायचे, सावली असते तिथं."

मॅडमनी घास तोडला. "दुपारी असायचं का जेवण?"

"नाही, दिवेलागणीला."

 संघदीपनं दोन वेळा घास तोंडाशी नेला आणि दोन्ही वेळा ताटात ठेवला. एवढ्या वर्षांत, समाजशास्त्रात एमए होऊन, नेट पास होऊन, आणि तरी हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता: दिवेलागणीला सावली कशाची?

"मॅडम, पण मला चवीतलं काही कळत नाही," तो शेवटी म्हणाला.

"चव कशी आहे ते दुसरे लिहितील. चव कोणाला मिळते, आधी कोणाला मिळते, आणि वाढतो कोण, एवढं बघ."

विषय ठरला. कागदावर त्याचं नाव भलं लांब होतं: मेडशी परिसरातील जेवणावळी, बसण्याचा आणि वाढण्याचा सामाजिक इतिहास. गावानं ते दोन शब्दांत आणून ठेवलं. खायची पीएचडी.

संशोधनाचा पहिला हंगाम वाया गेला. कारण मेडशीत पाहुण्याला खरं जेवण कोणी दाखवीना. संघदीप विचारायचा, "काकू, रोज काय करता जेवायला?" काकू म्हणायची, "पनीर." दुसऱ्या घरी पनीर. तिसऱ्या घरी पनीर आणि वर गुलाबजाम. जमनाबाई नावाच्या म्हातारीच्या घरी तो शिरला तेव्हा चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत होती. तिनं चपळाईनं भाजीवर टोपलं उपडं घातलं आणि नातवाला दुकानात पिटाळलं. तासाभरानं त्याच्यापुढे फरसाण आणि थंड्याची बाटली आली.

"आजी, मले अंबाडीच पायजे होती."

"हट! साहेब मानसाले अंबाडी वाढू का? गावात नाव ठेवतीन मले."

काही घरांत तो रेशनचा माणूस ठरला. तिथं लोक एकदम गरीब झाले. "काय खातो साहेब, मीठ-भाकर," असं म्हणताना मागच्या खोलीतून कोंबडीच्या रश्श्याचा असा घमघमाट यायचा, की तो संघदीपलासुद्धा कळायचा.

पण खरी पंचाईत होती ती बसण्याच्या प्रश्नाची. पूर्वी कोण कुठं बसायचं, हे विचारलं की सगळं गाव एका सुरात बोलायचं. "आपल्या गावात तसलं काई नोतं बरं." मग कडुनिंबाखाली कोण बसायचं? "ज्याले सावली पायजे थो." जणू सगळ्यांनी एकाच मास्तरकडे पाठांतर केलं होतं. घरी येऊन बापाला विचारलं तर देवमनरावही पेपर न उतरवता म्हणाले, "सावली होती ना बावा तिथं."

"बाबा, संध्याकाळी?"

"संध्याकाळची सावली लंबी असते," देवमनराव म्हणाले आणि पेपर आणखी वर धरला.

गावातले मोठे शेतकरी जगदेवराव यांनी मात्र संघदीपला भरपूर वेळ दिला. जगदेवराव आणि देवमनराव शाळेत एका वर्गात होते. वागण्यात मोकळे, बोलण्यात गोड. आपल्या आजोबांच्या काळात तुपाची धार ओसरीपासून वेशीपर्यंत कशी वाहायची, हे ते हातवारे करून सांगत. चहा-नाश्ता ओसरीवर यायचा. कागदी कप, कागदी ताटली, दर खेपेला नवी कोरी. संघदीपला हा मान वाटे. "आपल्यासाठी दर वेळी नवीन ताटली काढतात," असं त्यानं घरी सांगितलं, तेव्हा बेबीताईंनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं त्या ताकभाताच्या दिवशी बघितलं होतं. 

पौषात गणेश अडत्यानं रोडग्यांचं जेवण घातलं. त्याची मालाची गाडी कारंज्याच्या रस्त्यावर उलटली होती. ड्रायव्हर वाचला आणि सोयाबीनचं एकही पोतं फुटलं नाही, म्हणून मारोतीला नवस. यातलं आधी कोणतं आणि मागून कोणतं, ते मारोतीलाच ठाऊक. शेतातल्या देवळापुढं गोवऱ्यांचे हार रचून पेटवले गेले, त्यांच्या विस्तवात कणकेचे रोडगे भाजले गेले, वरण उकळलं, आणि मोठ्या कढईत वांग्याची भाजी शिजली. तिच्यावर तर्रीचा असा थर होता की त्यात तोंड दिसावं.

संघदीप देवळाच्या कट्ट्यावर निरीक्षण करत बसला होता. पहिली पंगत बसली आणि गणेशच्या लक्षात आलं की वाढायला माणसं नाहीत. गावातली सगळी तरणी पोरं पोलीस भरतीची धावणी होती म्हणून वाशीमला गेली होती. गणेशनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि भाजीची बकेट उचलून संघदीपच्या हातात दिली.

"तू पंगतीवरच शिकून राह्यला ना? मंग घे."

"गणेशभाऊ, मी निरीक्षण करून राह्यलो."

"वाढता वाढता कर निरीक्षन. बसून काय दिसते?"

हे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर वाटलं, म्हणून संघदीप निघाला. पण त्याची सवय जाईना. ताटात भाजी पडायच्या आधी प्रश्न पडायचा. "काका, तुमच्या लहानपणी भाजी कोण वाढायचं?" "मामा, पत्रावळ पळसाची का मोहाची?" पुढं रोडगे कुस्करून, तूप ओतून माणसं ताटकळली.

"अबे, वाढतं का परीक्षा घेतं?" कोणी तरी ओरडलं.

रांगेच्या मध्यावर जगदेवराव बसले होते. इथं एक गोष्ट सांगायला हवी. वांगं म्हणजे जगदेवरावांचा जीव की प्राण. सोयाबीनच्या धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधावर, ते फक्त घरच्यासाठी काटेरी वांगी लावत आणि पोरांपेक्षा जास्त जपत. भाजीतला देठ चोखत असले की त्यांना कोणी हाक मारलेली चालत नसे. त्यांच्या पुण्याच्या मुलाकडे, हरीओमकडे, दर महिन्याला एसटीनं वांग्यांची थैली जायची. तर असे जगदेवराव. त्यांनी रोडगा कुस्करला होता, मधोमध भाजीसाठी आळं केलं होतं, आणि मान वर केली तर पुढं बकेट घेऊन देवमनचा पोरगा.

जगदेवरावांचा हात आपोआप ताटावर आडवा आला.

"नको."

"थोडी तरी, काका."

"नको म्हनलं ना. वांगं चालत नाही मले."

दुसरा कोणी पुढं सरकला असता. पण संघदीपच्या प्रबंधात पथ्यपाण्याचं एक प्रकरण होतं आणि त्यात मजकूर कमी पडत होता. तो तिथंच उकिडवा बसला. "काय होते काका, वांग्यानं?"

"खाज सुटते," जगदेवराव म्हणाले. काहीतरी म्हणायचं होतं आणि तेच तोंडात आलं. म्हटल्यावर आता पुरावा हवा, म्हणून त्यांनी मनगट खाजवलं.

शेजारचा घास थांबला. त्याच्या शेजारचाही थांबला. "जगदेवभाऊ, तुमाले खाज? वांग्यानं?" समोर बायकांची रांग होती. तिच्यात जगदेवरावांची बायको रुख्मिणीबाई बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, संघदीपकडे बघितलं, त्याच्या हातातल्या बकेटीकडे बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. एवढंच.

पण त्या 'बरं'मध्ये जगदेवरावांचा पुढचा सगळा हिवाळा होता. दुसऱ्या दिवशी घरी दोडकं आलं. मग भोपळा. मग परत दोडकं. धुऱ्यावरची वांगी रुख्मिणीबाईंनी शेजारीपाजारी वाटून टाकली. "वांगं काहून नाही?" जगदेवरावांनी एकदा विचारलं. "तुमाले खाज येते ना," रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. "साऱ्या गावानं आयकलं."

आणि गावानं ऐकलं होतंच. मेडशीकर अशी संधी सोडणारे नव्हेत. बारशाला जा, तेरवीला जा, जगदेवरावांच्या ताटाशी आलं की वाढणारा अदबीनं थांबायचा. "काकाले वांगं नोका वाढू रे! काकाले खाज सुटते!" मालेगावला एका लग्नात त्यांनी ओळखीचं कोणी नाही असं बघून ताट पुढं केलं, तर मागून कोणी तरी धावत येऊन म्हणालं, "थांबा, थांबा, याईले चालत नाही!" त्यांच्यासाठी वेगळं वरण आलं. वेगळ्या वाटीत. एका कोपऱ्यात बसून त्यांनी ते खाल्लं.

सगळ्या गावाला खरं कारण कळलं होतं. कळलं नव्हतं ते एका माणसाला, आणि तो यावर पीएचडी करत होता. संघदीपनं प्रकरण लिहून काढलं आणि 'व्यक्तिगत पथ्ये' या मथळ्याखाली जगदेवरावांची वांग्याची खाज सविस्तर नोंदवली.

वैजयंती मॅडमनी ते पान दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"हे गृहस्थ वांगं खात नाहीत?"

"नाही मॅडम."

"कधीच नव्हते खात?"

"खायचे की! त्यांचं वांगं गावात प्रसिद्ध आहे."

"मग खाज कधी सुरू झाली?"

"त्या रोडग्यांच्या दिवशी. मी भाजी वाढायला त्यांच्यापुढं गेलो, आणि..."

तो थांबला. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. मॅडमनी पाण्याचा ग्लास तेवढा त्याच्याकडे सरकवला.

परतीच्या गाडीत संघदीपच्या डोळ्यांपुढून सगळ्या कागदी ताटल्या गेल्या, एकामागून एक, नव्या कोऱ्या.  राग जगदेवरावांचा किती आणि स्वतःचा किती, ते त्याला सांगता आलं नसतं. एवढं खरं की तो कंडक्टरचा मुलगा असून त्याचा स्टॉप चुकला आणि पुढच्या फाट्यावरून मेडशीपर्यंत त्याला पायी यावं लागलं. चालता चालता त्यानं जगदेवरावांना सुनवायची सगळी वाक्यं जुळवली. चांगली जुळली होती. एकदोन तर घटनेतली कलमं होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. जगदेवराव आत जेवायला बसले होते. रुख्मिणीबाई दारात आल्या.

"काका हायेत?"

"जेवून राह्यले. ये, आत ये."

"मी इथंच..."

"आत ये म्हनलं ना. सैपाकघरात. चप्पल काढ अन् ये."

पाठ केलेलं भाषण ओसरीवरच राहिलं. सैपाकघरात जगदेवराव पाटावर बसले होते, पुढं दोडकं. त्यांनी संघदीपला उंबरठ्याच्या आत बघितलं आणि घास गिळायला त्यांना जरा वेळ लागला. रुख्मिणीबाईंनी दुसरा पाट मांडला, बरोबर जगदेवरावांच्या शेजारी. स्टीलचं ताट घेतलं. चुलीजवळच्या भगुल्यावरचं झाकण काढलं आणि सबंध घरात वांग्याच्या भाजीचा वास सुटला. खोबरं, तीळ, काळा मसाला. जगदेवरावांची मान आपोआप तिकडं वळली.

रुख्मिणीबाईंनी संघदीपच्या ताटात चांगली चार वांगी वाढली. देठासकट.

"अन् मले?" जगदेवराव म्हणाले.

"तुमाले खाज येते."

"रुख्मा, लोकाईसमोर..."

"कोन लोकं? हा देवमनभाऊचा पोरगा हाय. तुमच्यासंगं शाळेत होते ना देवमनभाऊ? त्याईच्याच गाडीत फुकट जात होते ना तुमी अकोल्याले पिच्चर पाह्याले? तवा नाही सुटली खाज?"

संघदीपनं घास घ्यावा की उठावं, त्याला कळेना. त्यानं घास घेतला. जगदेवराव त्याच्या बोटांकडे बघत होते. एक वांगं संपलं. दुसऱ्याचा देठ त्यानं बाजूला काढून ठेवला, तेव्हा जगदेवरावांना राहवलं नाही.

"अबे, देठ चोखतात थो! टाकून काय द्याले लागला?"

रुख्मिणीबाईंनी पळी भगुल्यात ठेवली आणि भगुलं उचलून संघदीपपुढं सरकवलं. "बाबू, तू वाढ याईले. तुह्या हातानं खाल्लं तं खाल्लं, नाही तं दोडकं हाय. मी या घरात आली तवापासून पुरुषमानसं उठल्यावर उरलंसुरलं खात आली. मले सांगू नका कोनाच्या हातचं कोनाले चालते."

 मागच्या अंगणात कोंबडी करकरत होती. संघदीपनं पळी हातात घेतली.  जगदेवरावांनी बायकोकडे बघितलं, भिंतीवरच्या वडलांच्या फोटोकडे बघितलं, भगुल्याकडे बघितलं. पिढ्यान्‌पिढ्यांची अढी एकीकडे आणि काटेरी वांगं दुसरीकडे. त्यांनी ताट पुढं केलं.

पहिला घास त्यांनी डोळे मिटून खाल्ला. दुसरा, तिसरा. माफीबिफी काही मागितली नाही. चौथ्या घासाला डोळे उघडून म्हणाले, "मीठ कमी हाय."

"असू द्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

हात धुतल्यावर मात्र जगदेवराव ओसरीवर न जाता तिथंच पाटावर बसून राहिले. सुपारी कातरत, संघदीपकडे न बघता बोलू लागले. "सावली-बिवली काई नोती बावा तिथं. आमच्या बाबाईनं जागा ठरवली होती. पयले आमी, मंग बाकीचे, अन् थे निंबाखाली सर्व्यात मांगून. भाजी उरली तं. वरून वाढाचे, हात न लावता. मी लहान होतो, मीबी वाढलं हाय." कातरलेली सुपारी त्यांनी तोंडात टाकली. "तुह्या बापाच्या पत्रावळीत वाढलं हाय. दुसऱ्या दिवशी शाळेत एका बाकावर बसलो. थो काई बोलला नाही. मीबी नाही."

"हे लिहू का, काका?"

जगदेवरावांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "लिही. पन वांग्याचं नोको लिहू."

गावात आता तेच पाठांतर चालेना. जगदेवरावांनी सांगितलं म्हटल्यावर बाकीच्यांच्या जिभाही सैल झाल्या. आणि एक चमत्कार झाला: लोकांनी पनीर बंद केलं. जमनाबाईनं स्वतः बोलावून अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली, वर कच्च्या तेलाची धार. "कशी झाली?" तिनं विचारलं. संघदीप प्रामाणिक माणूस. "हिरवी झाली, आजी," तो म्हणाला.

देवमनरावांना त्यानं यानंतर काही विचारलं नाही. तेच एका सकाळी स्टँडवर, गाडीची वाट बघताना बोलले. "जगद्यानं सांगतलं म्हन सारं."

"हो."

"मले मालूम होतं, संध्याकाळी सावली नसते. तू लहान होता. हौसेनं जेवाले जात होता, नवा सदरा घालून. खरं सांगतलं असतं तं तुह्या घशाखाली घास उतरला असता का?" मग लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ते गरजले, "आली पाहा गाडी! अन् येऊन राह्यला कसा, बैलगाडी हाकल्यावानी!" आणि ड्रायव्हरला जाब विचारायला उठून गेले. त्या दिवशी त्या ड्रायव्हरनं जरा जास्तच बोलणी खाल्ली.

राहिल्या बेबीताई. त्यांचा आग्रह वेगळाच होता. आपल्या घरच्या जेवणावर एक प्रकरण हवं आणि त्यात आपले डिंकाचे लाडू हवेत. संघदीपला हवं होतं जुनं, आजीच्या वेळचं. मेलेल्या ढोराचं मटण, त्याच मांसाच्या वाळवून ठेवलेल्या चान्या, जे त्यानं नुसतं कानावर घेतलं होतं. बेबीताई तो विषय निघाला की भांडी आपटत.

"थे नाही लिहाचं."

"आई, इतिहास हाय तो."

"मंग पुरा लिही!" त्यांनी हातातली तसराळी खाली ठेवली. "काय खाल्लं एवढंच काहून इचारतं? सोडलं कवा थे इचार. दीक्षा घेऊन लोकं आले नागपूरवरून, त्या दिवशी तुह्या आजीनं चान्याचं मडकं उचललं अन् नाल्यात फेकलं. घरात दुसरं काईच नोतं. मिरची कुटली, मीठ टाकलं, भाकरीसंगं खाल्लं. सासू सांगत होती मले, लय आग झाली म्हने तोंडाची, पानी पेऊन पेऊन पोट फुगलं. पन सकाळी कोनाच्या दारात नाही गेली मांगाले."

संघदीपनं ते प्रकरण एका बैठकीत लिहिलं. मॅडमनी त्यातला एक शब्द बदलला नाही. डिंकाचे लाडू तळटीपेत गेले. बेबीताईंना तळटीप म्हणजे काय ते समजावून सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "खाली टाकलं म्हन की मले," आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "एक वैयक्तिक विचारतो. वऱ्हाडी जेवणात तुम्हाला स्वतःला सगळ्यांत काय आवडतं?" संपूर्ण परीक्षेत त्याला न आलेला तो एकच प्रश्न. मॅडमनी खोकल्यासारखं केलं आणि परीक्षा आटोपली.

डॉक्टर झाल्याच्या आनंदात देवमनरावांनी गावाला जेवण द्यायचं ठरवलं. पंगतीत कोण कुठं बसेल याच्या चर्चा सुरू व्हायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "बुफे." मेडशीत तोवर कोणी बुफे केला नव्हता. समाजमंदिरापुढं मांडव पडला, मालेगावचा केटरर आला, टेबलं लागली, पांढरे कापडी झगे घातलेली माणसं पळ्या घेऊन उभी राहिली. सगळं गाव आलं. जगदेवराव आणि रुख्मिणीबाईही आले, जोडीनं.

पण बुफे म्हणजे काय, हे सांगायचं राहून गेलं होतं. म्हातारी माणसं ताट हातात घेऊन, आता कोणी बसा म्हणेल याची वाट बघत उभी. जमनाबाई पहिल्याच टेबलाशी थांबली आणि तिथंच जेवू लागली, त्यामुळं मागची रांग स्टँडपर्यंत गेली. गणेश अडत्यानं एकाच ताटात सगळ्या टेबलांवरचं सगळं घेतलं आणि मग ते कोणत्या हातानं खायचं, या विवंचनेत फिरत राहिला. देवमनराव मांडवाच्या मधोमध उभे राहून कंडक्टरच्या आवाजात ओरडत होते, "पुढं सरका! पुढं सरका! दरवाज्यात थांबू नका!"

बेबीताईंना सगळ्यात वेगळंच दुःख होतं. आपल्या घरचं कार्य, आणि आग्रह कोणाला करायचा? जो तो आपल्या हातानं घेतोय. त्या दोन वेळा मांडवाला चक्कर मारून आल्या. तिसऱ्या चकरेला त्यांनी झगेवाल्या माणसाच्या हातातली पळी काढून घेतली, "तू बस तिकडं, चहा पे," म्हणाल्या, आणि पदर खोचून टेबलामागं उभ्या राहिल्या.

"ये, ये. एवढंच घेतं? लग्न झालं नाही तुव्हं अजून, खा ना!" ज्याचं ताट पुढं येईल त्यात दणादण पळी पडू लागली. नको म्हणणाऱ्याच्या ताटात जास्त पडली. रांग आपोआप त्यांच्याच टेबलापुढं लागली आणि केटररची बाकीची माणसं हात बांधून उभी राहिली.

संघदीप एका खांबाला टेकून हे बघत होता. डाव्या हातात ताट आणि ताटाच्या काठाशी अंगठ्यानं दाबलेला कसलासा छापील कागद होता, नव्या नोकरीची जाहिरात, तीही तासिका तत्त्वावरची. उजव्या हातानं तो जेवत होता.

रुख्मिणीबाई त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. "डाक्टरसाहेब, काय खाऊन राह्यले?"

त्यानं कागदावरून मान उचलली आणि ताटात डोकावून बघितलं.